कोरा तुकडा

कवितेतला शब्द आपण ठोकून बघतो. हा कुणाच्या तोंडचा, कुणाच्या बाजूचा, असं विचारतो. मग डॉक्टरी अहवालातल्या शब्दाला का सोडायचं? आज एकच घेतो : 'नेहमीची सेवा'. संशोधनात दोन गट करतात. एकाला नवा उपाय, दुसऱ्याला नेहमीची सेवा. शब्द दिसायला अगदी गरीब गाय. पण ज्याच्या वाट्याला नेहमी काहीच येत नाही, त्याची नेहमीची सेवा म्हणजे काय? भोपळा.

अमेरिकेत अलाबामातल्या टस्कीगीला १९३२ साली सरकारी आरोग्य खात्याने ६०० काळे पुरुष जमवले. त्यातल्या ३९९ जणांना गरमीचा रोग होता. त्यांना सांगितलं, तुमचं रक्त खराब आहे. या वाटेकरी शेतकऱ्यांना असाही कोण डॉक्टर मिळणार होता, तेव्हा उपचाराविना रोग कसा वाढतो ते बघून घेऊ, असा हिशेब. १९४० च्या दशकात पेनिसिलिन रुळलं, तरी यांना दिलं नाही. जेवण दिलं, मयताचा खर्च दिला, बदल्यात मढं चिरायची परवानगी घेतली. त्यांना गाडीत घालून आणणारी नर्स काळीच होती. समाजाचा सहभाग म्हणतात, तो असाही असतो! १९७२ साली वर्तमानपत्रात बोभाटा झाला तेव्हा हे थांबलं. त्याच साली काळ्यांच्या पँथरवरून नाव घेऊन मुंबईत दलित पँथर उभी राहिली.

आता मुंबईचंच बघा. १९९८ पासून टाटा रुग्णालयाने झोपडपट्ट्यांतल्या १,५१,५३८ बायांना घेऊन गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरचा अभ्यास केला. पैसा अमेरिकेच्या राष्ट्रीय कॅन्सर संस्थेचा. निम्म्या वस्त्यांत दर दोन वर्षांनी व्हिनेगरसारखं ॲसिड लावून तपासणी, उरलेल्या वस्त्यांत नुसती माहिती. २०१३ साली निकाल आला : तपासणीच्या गटात या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी. हे टस्कीगी नव्हे, हे सरळ म्हणू. इथे रोग लपवून औषध अडवलं नव्हतं, आणि हा स्वस्त उपाय आपल्याच आयाबहिणींच्या कामाचा आहे. पण निम्म्या बाया बिनतपासणीच्या का ठेवल्या? उत्तर मिळालं : भारतात अशी तपासणी होतच नाही, तीच इथली नेहमीची सेवा. अमेरिकेत तेव्हा पॅप चाचणी रुळून कित्येक दशकं झाली होती.

गिरणीत नवा रंग तपासताना एक तुकडा रंगवतात, एक कोरा ठेवतात. कापडाला विचारावं लागत नाही. बाईला विचारावं लागतं. आणि व्यवस्थेने आधी उपाशी ठेवायचं, मग त्याच उपासाला माप म्हणून वापरायचं, ही चलाखी तिला कळेल अशा भाषेत कुणी सांगितली होती का?

म्हणून संशोधनाला पाठ फिरवायची? मुळीच नाही. आपण बाहेर राहिलो तर औषधं दुसऱ्यांच्या अंगाच्या मापाने बेतली जातील. पण नुसता दंड पुढे करणं म्हणजे सहभाग नव्हे. प्रश्न ठरवताना, गट पाडताना, थांबायचं कधी हे ठरवताना वस्तीचा माणूस खुर्चीवर पाहिजे, आणि त्याच्या 'नाही'ला वजन पाहिजे.

पुढच्या वेळी वस्तीत फॉर्म आला, की अंगठ्याआधी विचारा : दुसऱ्या गटाला काय मिळणार? 'नेहमीचंच' असं उत्तर आलं तर विचारा : कुणाचं नेहमीचं, साहेब? तुमचं की आमचं?