‘गुलामगिरी’ची अर्पणपत्रिका, खानदेशातून वाचताना

‘गुलामगिरी’ हातात घेतली की पुष्कळ वाचक पहिलं पान उलटून थेट धोंडीबा-जोतीरावांच्या संवादाकडे वळतात. मी मात्र दर वेळी अर्पणपत्रिकेपाशी थांबतो. 1873 साली पुण्याचे जोतीराव फुले आपलं मराठी पुस्तक अर्पण करतात ते अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. का, तर काळ्या गुलामांना सोडवताना त्यांनी काही पदरात पडेल अशी आशा न धरता झीज सोसली म्हणून. आपल्या देशबांधवांनीही तो कित्ता गिरवावा आणि शूद्र बांधवांना ब्राह्मणी दास्यातून सोडवावं, अशी इच्छा ते पुढे व्यक्त करतात.

बारकाईनं पाहा. इथे राष्ट्राध्यक्ष नाही, सरकार नाही, कुणाचं नावही नाही. आहेत ते लोक, आणि त्यांतलेही फक्त सदाचारी. माणसांची खरेदी-विक्री करणारेही त्याच देशाचे होते, याचं पूर्ण भान त्या निवडीत आहे. आभार परक्यांचे मानता मानता लेखक घरच्यांकडे वळतो आणि कृतज्ञताच मागणी होऊन जाते. हे वळण इतकं सहज आलंय की दुसऱ्या वाचनातच ते ध्यानात येतं.

अर्पणपत्रिकेत कापसाचा उल्लेख नाही. तरी जळगाव-धुळ्याच्या वाचकाला तो दिसल्याशिवाय राहत नाही. अमेरिकेत व्हिटनीनं 1794 मध्ये सरकी काढण्याच्या यंत्राचं पेटंट घेतलं. हातानं दिवसभर चालणारं काम झपाट्यानं होऊ लागलं, कापूस परवडू लागला आणि शेतावर माणसं आणखी हवीशी झाली. अमेरिकेत 1790 साली सुमारे सात लाख गुलाम होते, 1860 साली चाळीस लाखांच्या घरात. त्यांनी वेचलेल्या कापसावर मॅसॅच्युसेट्समधल्या लॉवेलच्या गिरण्या चालत. तिथे माग सांभाळायला शेतकऱ्यांच्या मुली येत. त्यांनी 1830 च्या दशकात संप केले आणि पुढे दहा तासांच्या दिवसासाठी अर्ज केले. त्याच राज्यातल्या बोस्टनमधून 1831 पासून गॅरिसन गुलामीविरुद्ध ‘लिबरेटर’ काढत होता. यंत्र, गुलामी आणि सुधारणा असं सगळं एकाच धाग्यात गुंतलेलं होतं.

1861 ला यादवी युद्ध पेटलं, दक्षिणेची बंदरं अडवली गेली, लँकेशायरच्या चात्या उपाशी राहू लागल्या आणि इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. तेव्हा खानदेश एकच जिल्हा होता, धुळे त्याचं मुख्य ठाणं. रेल्वेही त्याच सुमारास इथवर पोचत होती. 1865 मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळला. आमच्या काळ्या जमिनीला ते युद्ध कळलं ते बाजारभावातून. जोतीरावांनी त्याच युद्धातून सुटलेला माणूस उचलला, आणि ही त्यांची नजर मला फार मोठी वाटते.

आजही हंगामात जळगावच्या एखाद्या जिनिंगमध्ये उभं राहावं. रूळ रुई ओढून घेतात, सरकी खाली पडते. कापूस पुढे सारणाऱ्या बाईच्या तोंडाला पदर बांधलेला, भुवया रुईच्या तुसानं पांढऱ्या. तिच्याकडे पाहिल्यावर अर्पणपत्रिकेतली एक उणीव खुपते. तिथे गुलाम सोडवले जातात, स्वतः सुटण्यासाठी धडपडताना दिसत नाहीत. फ्रेडरिक डग्लससारखा गुलामीतून पळून जाऊन तिच्याविरुद्ध बोलणारा, लिहिणारा माणूस त्या चौकटीत मावत नाही. ही भरपाई पुस्तकातला धोंडीबा करतो, कारण तो ऐकून घेत बसत नाही, विचारतो.

आणि पुस्तकाबाहेर ती केली नारायण मेघाजी लोखंड्यांनी. जोतीरावांच्या सत्यशोधक समाजातल्या या कार्यकर्त्यानं 1884 मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांना एकत्र आणलं. मागण्या अगदी रोजच्या जगण्यातल्या होत्या: रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत, कामावर जखमी झालेल्याला भरपाई. रविवारची सुट्टी मिळायला 1890 उजाडलं.