सक्तीची लष्करी सेवा : एका युक्तिवादाची चिकित्सा

तरुणांमध्ये शिस्त व राष्ट्रभावना रुजविण्यासाठी लष्करी सेवा सक्तीची करावी, असा विचार आपल्याकडे वारंवार मांडला जातो. त्यासाठी इस्राएल, दक्षिण कोरिया यांचे दाखले दिले जातात. प्रस्तुत लेखात या विचाराची चिकित्सा भारताच्याच अनुभवाच्या आधारे केली आहे.

सक्तीला घटनेची आडकाठी नाही. अनुच्छेद २३ वेठबिगारीस मनाई करतो. तथापि त्याच्याच दुसऱ्या खंडानुसार राज्यास सार्वजनिक प्रयोजनासाठी सक्तीची सेवा लादता येते. अट एवढीच की, केवळ धर्म, वंश, जात किंवा वर्ग या कारणावरून भेदभाव होऊ नये. तेव्हा खरा प्रश्न व्यवहाराचा व न्यायाचा आहे.

१९५९ मध्ये डॉ. चिंतामणराव देशमुख यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने, महाविद्यालयात प्रवेश घेऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी नऊ महिने ते एक वर्ष सक्तीची राष्ट्रीय सेवा सुचविली. तीत काही लष्करी शिक्षण, समाजसेवा व श्रमकार्य यांचा समावेश होता. खर्च व अंमलबजावणीतील अडचणी यांमुळे ती शिफारस स्वीकारली गेली नाही. पुढे चीनच्या आक्रमणानंतर १९६३ मध्ये महाविद्यालयांत राष्ट्रीय छात्रसेना सक्तीची झाली. १९६८ मध्ये ती पुन्हा ऐच्छिक करावी लागली. १९६९ मध्ये ३७ विद्यापीठांत सुरू झालेली राष्ट्रीय सेवा योजना ऐच्छिक तत्त्वावरच उभी राहिली. सक्तीतून हजेरी मिळते, निष्ठा मिळतेच असे नाही, हे वर्गात शिकविणाऱ्यांना वेगळे सांगावयास नको.

समर्थकांचा एक मुद्दा मात्र वजनदार आहे. संरक्षणाचा भार साताऱ्यातील आपशिंगे यांसारख्या सैनिकी परंपरेच्या गावांनी वाहावा आणि सुस्थित वर्गाने केवळ अभिमान बाळगावा, हे न्याय्य नाही. परंतु सक्तीने हा अन्याय दूर होईल काय? देशात दरवर्षी दोन कोटींहून अधिक युवक-युवती अठरा वर्षांचे होतात; तिन्ही दलांचे एकूण मनुष्यबळ सुमारे चौदा लाख आहे. सर्वांना सामावून घेणे अशक्य असल्याने निवड आलीच, आणि निवड आली की सवलतीही आल्या. व्हिएतनाम युद्धकाळात अमेरिकेत महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना मिळालेल्या सवलतीमुळे युद्धाचा भार प्रामुख्याने कामगार व गरीब घरांतील मुलांवर पडला. तेथील सक्तीची भरती १९७३ मध्ये थांबली.

सारांश, सैन्याची गरज आणि शिक्षणाची उणीव या दोन भिन्न गोष्टी आहेत. सैन्याला प्रशिक्षित व स्वेच्छेने आलेला सैनिक हवा असतो. विद्यार्थ्यांतील बेशिस्तीचे उत्तर मात्र महाविद्यालयानेच द्यावयाचे असते. आपल्या अपयशाचा भार सीमेवरील सैनिकाच्या खांद्यावर टाकणे उचित नव्हे. छात्रसेना व सेवा योजना यांना पुरेसा निधी, वेळ आणि मनापासून काम करणारे प्राध्यापक देणे, हे सक्तीच्या मागणीपेक्षा अधिक कठीण, परंतु अधिक प्रामाणिक राष्ट्रकार्य ठरेल.