वाड्यांचीं अतिथिगृहें : एक परीक्षण

जुने वाडे व राजगृहें दुरुस्त करून त्यांत धनिकांसाठीं उंची हॉटेलें काढण्याची प्रथा राजस्थानांतून निघून आतां सर्वत्र रूढ झाली आहे. इतिहासभक्तांपैकीं कित्येकांस ती वास्तूची विटंबना वाटते. कित्येकांस तींतच वास्तुरक्षणाचा एकमेव मार्ग दिसतो. या प्रश्नाकडे आम्ही रायगडच्या किनाऱ्यावरून पाहतों, आणि येथून पाहतां दोनही पक्ष अपुरे वाटतात.

अलिबागसमोर समुद्रांत उभ्या असलेल्या कुलाब्याच्या किल्ल्यांत सरखेलांची वस्ती होती. तेथील आंग्रेवाडा १७८७ च्या आगींत नष्ट झाला. १८४० मध्यें इंग्रजांनीं कुलाबा संस्थान खालसा केलें, आणि १८४२ मध्यें किल्ल्यांतील लांकडी इमारती लिलावांत विकल्या. दगड अलिबागच्या पाणीपुरवठ्याच्या कामीं लागले. ज्या किनाऱ्यानें राजगृहांचा असा शेवट पाहिला, त्यानें ‘वाडा उभा राहिला’ या गोष्टीस तुच्छ लेखूं नये. त्यांत आज कोण निजतो, हा प्रश्न त्यानंतरचा.

उभ्या राहिलेल्या वाड्याचें एक ठळक उदाहरण मराठी कारभाऱ्याच्याच घराचें आहे. मात्र तें येथून फार दूर, काशींत आहे. नागपूरकर भोसल्यांचे कारभारी श्रीधर मुनशी यांनीं १८१२ च्या सुमारास गंगातीरीं घाट व त्यावर चुनारी दगडाचा वाडा बांधला. हा काळ दुसऱ्या रघूजी भोसल्यांचा. १८०३ च्या देवगांवच्या तहानें कटक व वऱ्हाड गेल्यावरचा. पुढें १९१५ मध्यें दरभंग्याच्या महाराजांनीं ती वास्तु विकत घेतली, आणि अलीकडे तिचा जीर्णोद्धार होऊन ‘ब्रिजरामा पॅलेस’ या नांवाचें हॉटेल तेथें चालूं झालें. म्हणजे एकाच घरास दोनशें वर्षांत तीन नांवें मिळालीं. बांधणाऱ्याचें नांव घराकडून गेलें. तें ‘मुनशी घाट’ या नांवांत मात्र टिकून आहे.

अशा घरांत मुक्काम करण्यांत अभ्यासकाचा लाभ नाहीं असें नाहीं. येथें पाहुणे नावेनें आणले जातात, आणि नदीकांठचें घर नदीकडूनच पाहावें लागतें. वारा कोठून येतो, चौकांत ऊन केव्हां उतरतें, जिना कोणाच्या सोयीसाठीं काढला आहे, या गोष्टी दिवसा तासभर फिरून समजत नाहींत. त्यास रात्र काढावी लागते. ‘वास्तु’ हा शब्दच ‘वस्’ म्हणजे राहणें या धातूपासून आला आहे. वसति थांबली कीं वास्तूचा सांगाडा उरतो.

आमचा आक्षेप निराळा आहे, आणि तो काशींतील या एका गृहापुरता नसून साऱ्या प्रथेस आहे. त्रुटित पोथींत कसरीनें खाल्लेल्या ओळी एखाद्या लेखकानें स्वतःच्या बुद्धीनें भरल्या व त्या भरल्याची खूण ठेवली नाहीं, तर आपण त्यास प्रक्षेप म्हणतों आणि ती प्रत संशयित ठरवितों. वाड्याच्या बाबतींत मात्र त्याच कृत्याची स्तुति होते. नवी महिरप जुनीसारखी दिसली म्हणजे कारागीर धन्य! परंतु पन्नास वर्षांनीं कोणी संशोधक ती मोजूं लागेल, तेव्हां त्यास मूळ कोणतें व भर कोणती हें कोण सांगणार? हॉटेलाच्या गरजेनें दालनें तोडून स्नानगृहें काढावीं लागतात, पाण्याचे नळ व विजेच्या तारा भिंतींत घालाव्या लागतात. तें अपरिहार्य आहे. खूण न ठेवणें अपरिहार्य नाहीं. पोथीचा संपादक जें करितो, तेंच वास्तूच्या संपादकानें करावें, एवढेंच आमचें मागणें आहे.

आमच्या किनाऱ्यावर अद्यापि जुने वाडे आहेत. खारा वारा लांकूड व चुना खात आहे, अनेक घरांचे वारस मुंबई-पुण्यास आहेत, आणि मुंबईचा ग्राहक बोटीनें तासाभरांत येथें पोहोंचतो. तेव्हां हा प्रश्न केवळ काशीचा नाहीं. वाड्याचा व्यवहार ठरत असेल तेथें तीन गोष्टी आधीं व्हाव्या. दुरुस्तीपूर्वीं मोजणीचे नकाशे व छायाचित्रें करून त्यांची एक प्रत संशोधनसंस्थेंत ठेवावी. माळ्यावरचे रुमाल, जमाखर्चाच्या वह्या व पोथ्या, गवंडी आंत शिरण्याच्या आधीं दप्तरखान्यांत सुरक्षित पोहोंचवाव्या. आणि प्रत्येक दालनांत जुनें किती, नवें किती व कोणत्या सालचें, हें पाटीवर लिहावें.

या तिन्हींचा खर्च दुरुस्तीच्या मानानें अल्प आहे. घरमालकाशीं ज्यांची ओळख आहे अशा वाचकांनीं तो करण्यास त्यास आजच सांगावें. गवंडी कामास लागल्यावर सांगून उपयोग नाहीं.