घरगुती बीभत्स आणि मराठी विनोद

मराठी विनोदी वाङ्मयाविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु त्याच्या एका कोपऱ्याकडे समीक्षकांनी बहुधा नाकाला पदर लावूनच पाहिले आहे. पाहुण्याच्या मांडीवर कौतुकाने दिलेल्या तान्ह्याने त्याचे परीटघडीचे धोतर भिजवावे, मांजरीने ठेवणीतल्या शालूवर पिले घालावीत, लाडक्या कुत्र्याने बैठकीच्या मध्यभागी ओकावे, दुधाच्या पातेल्यात पाल पडावी, ऐन पंगतीत एखाद्याचे पोट बिघडावे, असल्या प्रसंगांवाचून कोणत्याही घराचे वर्ष सरत नाही. घरात ते वर्षानुवर्षे रंगवून सांगितले जातात. लिहावयाची वेळ आली की मात्र लेखणी अडखळते. हैदराबादच्या मराठी वाचकाला ही अडखळ विशेष जाणवते, कारण त्याच्या एका कानावर मराठीचा पांढरपेशा विनोद पडत असतो, तर दुसऱ्या कानावर दखनीचा मोकळा. अशा घरगुती बीभत्साला विनोदात स्थान आहे काय, आणि असल्यास त्याची पारख कोणत्या कसोटीने करावी, एवढाच प्रश्न येथे विचारासाठी घेतला आहे.

प्रथम शास्त्राकडे वळू. भरताने बीभत्सास आठ रसांत स्थान दिले, जुगुप्सा हा त्याचा स्थायीभाव मानला, आणि विष्ठा-कृमी यांपासून होणारा 'उद्वेगी' बीभत्स व रुधिरादिकांपासून होणारा 'क्षोभज' बीभत्स असा भेदही केला. पुढील साहित्यशास्त्रकारांनी मात्र जुगुप्सेला दोषांच्या यादीतही बसविले. मम्मटाने अश्लीलाचे व्रीडा, जुगुप्सा आणि अमंगल असे तीन प्रकार सांगितले आहेत. म्हणजे जी भावना एका दालनात रसाचे बीज, तीच दुसऱ्या दालनात काव्यदोष! आमच्या अभिरुचीने यांतील दुसरे दालन तेवढे लक्षात ठेवले. रसांचे परस्परविरोध सांगताना विश्वनाथाने 'साहित्यदर्पणा'त हास्याचे विरोधी म्हणून भयानक व करुण यांची नावे घेतली आहेत. बीभत्साचे घेतलेले नाही. बीभत्साचे वैर आहे ते शृंगाराशी. तेव्हा किळस आणि हसू एकत्र नांदू नयेत, असा शास्त्राचा निर्बंध नाही. तो निर्बंध आमच्या दिवाणखान्याने घातलेला आहे.

शास्त्राने बीभत्स पाहिला तो मुख्यतः स्मशानात आणि रणांगणात. भवभूतीच्या 'मालतीमाधवा'तील पाचवा अंक हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. स्वयंपाकघरातील बीभत्स हा त्याहून निराळा. तेथे मृत्यू नसतो, फजिती असते. भय नसते, घाई असते. कोणीतरी आत येण्यापूर्वी ते सारे आवरावयाचे असते. या घाईतच हास्याचे मूळ आहे. आणि आवरणे हा व्यापार या प्रसंगांचा अविभाज्य भाग आहे, ही गोष्ट आम्ही मुद्दाम येथेच नोंदवून ठेवतो, कारण पुढील विवेचन तिच्यावरच उभे राहावयाचे आहे.

आमची भाषा या बाबतीत आमच्या समीक्षेहून धीट आहे. गाईचे ते शेण, घोड्याची ती लीद, शेळीची ती लेंडी, पाखराची ती शीट आणि माणसाचा तो गू. प्रत्येकाला स्वतंत्र शब्द आहे, आणि प्रत्येक शब्दाबरोबर वागण्याची निराळी रीत आहे. शेणाने घर सारवावयाचे, गू दिसला की पाय उचलून चालावयाचे. किळस, शिसारी, ओंगळ, खरकटे, उष्टे, ओवळे, विटाळ या शब्दांच्या छटा एकमेकींत मिसळत नाहीत. मात्र त्यांतील पहिले तीन शरीराची प्रतिक्रिया सांगतात, मधले दोन जेवणाचा व्यवहार सांगतात, आणि शेवटचे दोन समाजाची उतरंड सांगतात. विनोदी लेखक कोणत्या शब्दापाशी थांबतो, यावरून तो कशाला हसत आहे ते ओळखता येते.

प्राचीन मराठी वाङ्मयाला हा संकोच नव्हता. मराठी गद्याचा आद्य ग्रंथ जो 'लीळाचरित्र', त्यात चक्रधरांचे स्नान, भोजन, निद्रा यांच्याबरोबर 'परिश्रय' या शब्दाने मलमूत्रविसर्जनाचाही उल्लेख सहज येतो. ज्याला ईश्वर मानले, त्याच्या देहाचा कोणताही व्यापार म्हाइंभटाला त्याज्य वाटला नाही. 'ज्ञानेश्वरी'च्या तेराव्या अध्यायातील वार्धक्याच्या वर्णनात शरीराची द्वारे शरीराच्या ताब्यात राहत नाहीत, हे ज्ञानदेव न कचरता सांगतात. तेथे हेतू वैराग्याचा आहे; परंतु पाहणाऱ्याची दृष्टी घरातल्या म्हाताऱ्याजवळ बसलेल्या माणसाची आहे.

संतचरित्रांतील दोन कथा तर आमच्या विषयाच्या गाभ्यालाच हात घालतात. कुत्र्याने पोळी पळविली तेव्हा कोरडी पोळी त्याला कशी जाईल म्हणून नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले. ही कथा आपण भक्तीची म्हणून ऐकतो, पण ती मुळात एक घरगुती फजिती आहे. कुत्रा घरात शिरणे, अन्नाला तोंड लावणे, धनी मागे धावणे हे सारे चित्र कोणत्याही वाड्यात दिसणारे आहे. फरक एवढाच की धावणाऱ्याच्या हातात काठी नाही, वाटी आहे. दुसरी कथा पैठणची, म्हणजे १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात मोडणाऱ्या गावची. गोदेवरून स्नान करून येणाऱ्या एकनाथांवर कोणी थुंकला. नाथ परत नदीवर गेले, न्हाले, आले. तो पुन्हा थुंकला. ते पुन्हा गेले. असे शंभराहून अधिक वेळा झाले, असे परंपरा सांगते. या कथेतील शांतीची थोरवी सर्वांनी गायिली आहे. आम्हांस तिच्यातील दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. अंगावर पडलेली घाण नाथांनी स्वतः धुतली. त्यांनी ती दुसऱ्याकडून धुऊन घेतली नाही, दुसऱ्यावर उडविलीही नाही.

अर्वाचीन विनोदाची परंपरा निराळ्या वाटेने गेली. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचे 'सुदाम्याचे पोहे' आणि गडकऱ्यांचे 'बाळकराम' यांतील विनोद रूढींवर, समजुतींवर आणि शब्दांवर उभा आहे. त्यात बुद्धीचे चापल्य विपुल; देह मात्र जवळजवळ अदृश्य. देहाला घरात आणले ते चिं. वि. जोशी यांनी. चिमणरावाचे कुटुंब आजारी पडते, प्रवासात अवघडते, औषधे घेते आणि पस्तावते. मुख्य म्हणजे या साऱ्या फजितीची हकीकत स्वतः चिमणरावच सांगतो, आणि हसण्याचा पहिला विषयही तोच असतो. पु. ल. देशपांडे यांच्या 'हसवणूक' (१९६८) या संग्रहातील 'पाळीव प्राणी' या लेखातही निवेदक हा प्राणिप्रेमी यजमानांपुढे अवघडलेला बापडा आहे. प्राण्याच्या लीला आणि यजमानाचे कौतुक यांच्या कात्रीत तोच सापडतो. येथे मराठी विनोदाने एक सभ्य करार केलेला दिसतो. किळस सुचवावयाची, दाखवावयाची नाही. आणि हसावयाचे ते स्वतःस.

हैदराबादेत या कराराशेजारी दुसरी परंपरा नांदत आली. उस्मानिया विद्यापीठात १९४८ पर्यंत शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. त्यामुळे येथील जुन्या पिढीच्या मराठी वाचकाला पतरस बुखारी यांचा 'कुत्ते' हा निबंध चिं. विं.च्या कथांइतकाच परिचित असे. रात्री रस्त्यावर भुंकणाऱ्या कुत्र्यांचा पतरस यांनी मुशायरा बनविला. पुढे १९६२ मध्ये 'ज़िंदादिलान-ए-हैदराबाद' ही संस्था निघाली आणि विनोदी मुशायऱ्यांना या शहरात हक्काचे घर मिळाले. सुलेमान खतीब, सरवर डंडा, गौस खामखाह यांची नावे सुलतान बझार आणि काचीगुड्याच्या मराठी घरांतही परकी नाहीत. ज्या दखनीने मराठीचा 'नको' घेऊन 'नक्को' केला आणि आपला 'च' घेऊन 'इच' केला, तिचा विनोद मराठी कानाला परका वाटावा तरी कसा? खतीबांच्या सासू-सुनेच्या भांडणात किंवा महिन्याच्या पहिल्या तारखेला होणाऱ्या नवराबायकोच्या वादात देह, भूक, आजार, पोरे हे सारे उघड्यावर येते. भाषा अंगणातली आहे, दिवाणखान्यातली नाही. आणि तरीही हसविता हसविता श्रोत्यांचे डोळे ओले करणे ही खतीबांची ख्याती होती. मोकळेपणा म्हणजे उथळपणा नव्हे, हे समजण्यास आम्हा हैदराबादकरांना दूर जावे लागत नाही.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो टाकाऊ नाही. एकदा हे दार उघडले की ग्राम्यतेचा लोंढा आत येईल. ढेकर, वात आणि हगवण एवढ्यावर विनोद जगू लागेल. ही भीती खरी आहे. परंतु ग्राम्यता शब्दांत नसते, रोखात असते. स्थूल स्त्री, तोतरा नोकर, बहिरा म्हातारा यांच्या देहाकडे बोट दाखवून हसविणारे लेखन एकही ओंगळ शब्द न वापरता ओंगळ असू शकते. उलट, पाण्याच्या पिंपात बुडून मेलेल्या उंदरांना मर्ढेकरांनी कवितेत आणले तेव्हा अनेकांना शिसारी आली. त्यांच्या 'काही कविता' (१९४७) या संग्रहावर अश्लीलतेचा खटलाही झाला आणि कवी निर्दोष सुटला. त्या उंदरांत माणसाच्या जगण्याची अगतिकता दिसते, हे आज कोणास पटवून द्यावे लागत नाही. तेव्हा घाण किती आहे हे मोजून काहीच कळत नाही. ती कोणाच्या अंगावर पडली आणि कोणी पुसली, हे पाहावे लागते.

प्रश्नाच्या पहिल्या अर्ध्या भागात आमचे चांगले विनोदकार उत्तीर्ण होतात. त्यांनी घाण स्वतःच्या अंगावर घेतली. दुसऱ्या अर्ध्या भागात मात्र बहुतेकांची पाने कोरी आहेत. कुत्रा ओकतो, पाहुणा दचकतो, यजमान ओशाळतो, वाचक हसतो आणि लेख संपतो. त्यानंतर फडके घेऊन कोण येते? घरातली सून, मोलकरीण, किंवा मागील दाराने येणारा सफाई कामगार. विनोद संपतो तेथे त्यांचे काम सुरू होते, म्हणूनच ते विनोदात दिसत नाहीत.

हे न दिसणारे हात पाहावयाचे असतील तर विनोदी वाङ्मय सोडून आत्मचरित्रांकडे जावे लागते. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'चा पहिला भाग १९३४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या आरंभीच वडिलांच्या सोवळ्याच्या वेडाचे वर्णन आहे. बाजारातून येणारी वस्तू धुतल्यावाचून घरात घ्यावयाची नाही. धान्यच काय, मीठही धुवावयाचे! वाचताना हसू आवरत नाही. परंतु लक्ष्मीबाई तेवढ्यावर थांबत नाहीत. त्या धुण्यापायी घरातल्या बायकामुलांची झालेली ओढाताण त्या त्याच खेळकर स्वरात सांगतात. येथे विनोदाने पुसणाऱ्या हाताकडे प्रथमच वळून पाहिले, असे आम्हांस वाटते.

बरोबर पन्नास वर्षांनी, १९८४ मध्ये, शरणकुमार लिंबाळे यांचे 'अक्करमाशी' आले. त्यातही धान्य धुतले जाते. सुगीत गुरांनी खाल्लेले आणि शेणातून न पचता बाहेर पडलेले जोंधळे संतामाय गोळा करते, धुते, वाळविते, दळते. आणि तिची भाकरी होते. त्या भाकरीला शेणाचा वास येतो, हे नातू सांगतो. एका घरी स्वच्छ धान्य विटाळाच्या भयाने धुतले गेले, दुसऱ्या घरी शेणातले धान्य भुकेच्या भयाने. पाणी तेच, ओंजळ बाईचीच. या दोन पानांमध्ये मराठी समाजाची जी उतरंड उभी आहे, ती आमच्या विनोदाने बहुतांशी वळसा घालून टाळली. 'अक्करमाशी'तील प्रसंगाला कोणी हसणार नाही, आणि हसूही नये. परंतु तो वाचल्यानंतर 'किळस' हा शब्द पूर्वीच्या निश्चिंतपणे वापरता येत नाही. समीक्षेने या दोन ग्रंथांना निरनिराळ्या कप्प्यांत ठेवले आहे; एकाला प्रांजळ विनोदाचा, दुसऱ्याला विद्रोहाचा. ते शेजारी ठेवून वाचले पाहिजेत, असे आमचे म्हणणे आहे.

हा केवळ वाङ्मयाचा प्रश्न नाही. १९०८ च्या मुसी नदीच्या महापुरानंतर विश्वेश्वरय्या यांनी या शहरासाठी पूरनियंत्रणाबरोबर भुयारी गटारांचीही योजना आखली. घाण जमिनीखाली गेली, हे नगराचे भाग्यच. पण ती दृष्टीआड झाली म्हणून ती उपसणारा माणूस नाहीसा झाला नाही. हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेविरुद्ध देशाला १९९३ मध्ये एक कायदा करावा लागला आणि २०१३ मध्ये दुसरा. यावरूनच तो माणूस किती काळ आमच्या नजरेबाहेर उभा राहिला ते कळावे. आता हैदराबादेत वाडे जाऊन सदनिका आल्या, सोप्यातला कुत्रा गादीवर आला, आणि त्याच्या फजित्यांवर लिहिणाऱ्यांची संख्याही वाढेल. ते आम्हांस हवेच आहे. देह आणि जनावर यांच्याशी घरोबा नसलेला विनोद लवकर कोरडा पडतो.

नव्या विनोदकाराकडे आमचे मागणे थोडके आहे. त्याने चिमणरावाप्रमाणे स्वतः घसरावे, दखनी शायराप्रमाणे शब्दाला लाजू नये, आणि लक्ष्मीबाईंप्रमाणे बादली उचलणाऱ्या माणसाला प्रसंगाबाहेर ठेवू नये. त्या माणसाचे तोंड दिसले की हसू थांबेल, अशी भीती वाटत असेल, तर ते हसू मुळातच कोणाच्या तरी श्रमावर उसने घेतलेले होते. ज्या हसण्यात फडके हाती धरणारी बाईही सामील होऊ शकते, तेवढेच घरगुती बीभत्सातून खरा हास्यरस निर्माण करते. उरलेले हसू म्हणजे केवळ नाक मुरडण्याचा दुसरा प्रकार होय.