जामिनी राय : रंग पटुआंचे, प्रश्न कोणाचे?

जामिनी राय (१८८७-१९७२) यांच्याविषयी लिहिताना समीक्षक त्यांच्या त्यागाचे कौतुक करतात. कलकत्त्याच्या सरकारी कलाशाळेत युरोपीय पद्धतीने शिकलेला, तैलरंगात व्यक्तिचित्रे काढणारा हा चित्रकार १९२०च्या दशकात बंगालच्या पटुआंच्या चित्रांकडे वळला. तैलरंग सोडून काजळी, खडू, नीळ, हिंगूळ, नदीचा गाळ चिंचोक्याच्या खळीत कालवू लागला. मोजके सपाट रंग, जाड वळणदार रेषा, लांब डोळे ही त्याची ओळख झाली. अडाण्यांची म्हणून हिणवलेली रेषा त्यांनी सुशिक्षितांच्या दिवाणखान्यात मानाने नेली, हे मान्यच केले पाहिजे.

परंतु या साधेपणाची चिकित्साही झाली पाहिजे. माझी आई पांढरी माती आणि गेरू एवढ्यावरच भिंती पोतारीत असे. तिसरा रंग तिच्याजवळ नव्हता. राय यांच्यापुढे सारे रंग होते आणि त्यांतून त्यांनी मोजके निवडले. हा फरक आपली आस्वादक समीक्षा पाहतच नाही.

मुळात हे पटुआ कोण? शास्त्र मोडून चित्रे काढली म्हणून ब्राह्मणांनी चित्रकारांना शाप देऊन पतित केले, अशी कथा ब्रह्मवैवर्त पुराणात आहे. हिंदू देव रंगवणारे आणि मुसलमानी रीतीही पाळणारे हे लोक दोन्ही समाजांच्या कडेला राहिले. एकोणिसाव्या शतकात कालीघाटच्या देवळाभोवती बसणाऱ्या पटुआंनी गिरणीचा स्वस्त कागद आणि विलायती रंग बेधडक वापरले. देशी रंगांचे सोवळे त्यांनी पाळले नाही. त्यांनी देव रंगवले, तसाच बाईच्या पायाशी लोळणारा बाबूही रंगवला. १८७३ साली तारकेश्वरच्या महंताच्या प्रकरणात एलोकेशीचा तिच्या नवऱ्याने खून केला आणि महंत तुरुंगात गेला. पटुआंनी त्या महंताला तुरुंगात घाण्याला जुंपलेला दाखवला!

राय यांना कालीघाट शहरी वाटला. ते आपल्या बांकुरा जिल्ह्यातील खेड्यांच्या पटांकडे गेले. त्यांनी पटुआची रेषा घेतली, रंग घेतले, पण त्याची जीभ घेतली नाही. त्यांच्या संथाळ स्त्रिया देखण्या आहेत, शांत आहेत. १८५५ साली सावकार, जमीनदार आणि इंग्रज सरकार यांच्याविरुद्ध उठलेल्या समाजाच्या त्या लेकी आहेत, हे चित्रावरून कळत नाही.

चित्रे स्वस्तात विकून आणि मुलांच्या व सहकाऱ्यांच्या हातांना कामात घेऊन राय यांनी सहीचा अहंकार कमी केला, हे त्यांचे खरे मोठेपण. तरीही १९७६ साली राष्ट्रीय ठेवा ठरली ती त्यांची चित्रे. बहुतेक पटुआंची नावेही कोणी लिहून ठेवली नाहीत.

सत्यशोधकांनी तमाशाचा बाज घेतला आणि त्यातून भटशाहीला जाब विचारला. लोककलेकडे वळणाऱ्या आजच्या चित्रकाराकडून माझी हीच अपेक्षा आहे. आमच्या भिंतीवरचे रंग त्याने जरूर घ्यावेत. पण त्या भिंतीआड राहणाऱ्या माणसांचे म्हणणेही त्याच्या चित्रात आले पाहिजे.