कोणाला आठवते? : जपानी ‘व्हिज्युअल नॉव्हेल’ आणि ‘लाइट नॉव्हेल’च्या लेखनाविषयी

दोन वर्षांपूर्वी नववीच्या एका मुलाने उर्दू निबंधाच्या वहीत मला एक गोष्ट लिहून दिली. विषय होता उन्हाळ्याची सुट्टी. एक मुलगा गावी दादीकडे जातो. घरात एक खोली कायम बंद असते. पानाच्या तळाशी लिहिले होते : दार उघडायचे असेल तर पान ९ पाहा, उघडायचे नसेल तर पान १४. नवव्या पानावर मुलगा मरतो. मग वाचणारा साहजिकच मागे येतो आणि चौदावे पान काढतो. तेथे दादी ओट्यावर तांदूळ निवडत बसलेली असते. ती नातवाकडे न बघताच म्हणते, ‘फिर आ गया?’

मी त्या वाक्याखाली लाल रेघ ओढली. समासात लिहिले, ‘या पानावर मुलगा पहिल्यांदाच आला आहे, दादीला हे कसे माहीत?’ दहापैकी चार गुण दिले. हे कोठून उचललेस म्हणून विचारले तर म्हणाला, ‘मिस, जापानी गेम में ऐसा होता है.’

‘जापानी गेम’ म्हणजे काय ते पाहावे म्हणून मी सुरुवात केली आणि त्यात गुंतत गेले. जपानी मला येत नाही, सगळे वाचन इंग्रजी भाषांतरांवर आहे, हे आधीच सांगून टाकते.

व्हिज्युअल नॉव्हेल म्हणजे पडद्यावर वाचायची कादंबरी. मागे एक चित्र असते, वर्गाचे, रस्त्याचे, देवळाच्या पायऱ्यांचे. त्यापुढे उभे पात्र. सोबत संगीत, आणि मजकूर. बटण दाबले की पुढचे वाक्य येते. मधूनमधून वाचकाला विचारले जाते, आता काय करायचे? उत्तराप्रमाणे कथेला फाटे फुटतात. १९९२ मध्ये चुनसॉफ्ट या कंपनीने ‘ओतोगिरिसो’ काढली तेव्हा या प्रकाराला ‘साउंड नॉव्हेल’ म्हटले गेले. १९९४ मध्ये त्याच कंपनीची ‘कामाइताची नो योरू’ आली. ती ताकेमारू आबिको या रहस्यकथाकाराने लिहिली होती. बर्फात अडकलेले विश्रामगृह, एकामागून एक खून, आणि पात्रे म्हणजे नुसत्या निळ्या सावल्या. चुकीचा पर्याय घेतला की माणसे मरत जातात. १९९६ मध्ये लीफ या कंपनीने ‘शिझुकू’पासून ‘व्हिज्युअल नॉव्हेल’ हे नाव रूढ केले.

लीफपासून पुढची बरीच मंडळी प्रौढांसाठीच्या, सरळच बोलायचे तर अश्लील खेळांच्या बाजारातून आली. नायक एक, मुली चार-पाच, प्रत्येक मुलगी म्हणजे एक वाट आणि वाटेच्या शेवटी बक्षीस, ही रचना त्या बाजाराची देणगी आहे. एक स्त्री म्हणून हे वाचताना मला अनेकदा पडदा बंद करावासा वाटला, काही वेळा केलाही. तरीही या बाजारातूनच काही खरे लेखक निघाले, हेही नाकारता येत नाही. आपल्याकडे तमाशाच्या फडातून शाहीर निघाले नाहीत काय?

या लेखनाची कारागिरी कादंबरीहून निराळी आहे. ‘ती हसली’ असे लिहावे लागत नाही, चित्र बदलते. ‘संध्याकाळ झाली’ लिहावे लागत नाही, मागचे आकाश तांबूस होते. लेखकाच्या हाती उरतात ते संवाद, मनातले बोलणे आणि थांबणे. या थांबण्याला फार महत्त्व आहे. मजकूर पडद्याच्या तळाशी तीन-चार ओळींच्या चौकटीत येत असेल तर प्रत्येक बोलणे त्या चौकटीत मावले पाहिजे. सबंध पडदाभर येत असेल तरी कोणत्या शब्दापाशी वाचकाला बटण दाबायला लावायचे ते लेखकच ठरवतो. मुशायऱ्यात शायर पहिला मिसरा दोन-दोनदा म्हणतो आणि दुसरा अडवून धरतो. ऐकणारे पुढे सरकून बसतात. ती अडवणूक येथे वाक्यावाक्याला चालते.

लाइट नॉव्हेल ही याच घरातली दुसरी बहीण. खिशात मावेल असे ए-सहा आकाराचे पुस्तक, सुरुवातीला रंगीत चित्रे, मध्ये काळी-पांढरी, छोटे परिच्छेद, भरपूर संवाद. बक्षीस स्पर्धांतून लेखक पुढे येतात. डेंगेकी बुंकोच्या स्पर्धेला हजारोंनी हस्तलिखिते येतात म्हणे. नागारू तानिगावाची ‘सुझुमिया हारुही’ २००३ मध्ये अशाच एका स्पर्धेतून आली. लेखकांची टोपणनावे तर आपल्या तखल्लुसांना मागे टाकतील अशी. किनोको नासू यातला ‘किनोको’ म्हणजे अळिंबी! निसिओइसिन हे नाव रोमन लिपीत उलटसुलट कसेही वाचा, तेच राहते. जपानच्या गंभीर साहित्यिकांनी या पुस्तकांकडे बराच काळ नाक मुरडले. इब्ने सफींची ‘जासूसी दुनिया’ १९५२ पासून अलाहाबादेहून निघू लागली तेव्हा उर्दूतल्या अदबवाल्यांनी आणि बाबुराव अर्नाळकरांच्या बाबतीत मराठी समीक्षकांनी जे केले, तेच. वाचक मात्र तिकडेही रांगेत उभे होते आणि इकडेही.

भाषेविषयी एक गंमत सांगायचा मोह आवरत नाही. जपानी चित्रलिपीतल्या अवघड शब्दाशेजारी त्याचा उच्चार बारीक अक्षरांत देण्याची पद्धत आहे. आम्ही पहिलीच्या मुलांना जेर, जबर, पेश लावून देतो तसेच काहीसे. पण या लेखकांनी त्या बारीक अक्षरांचा खेळ केला. मोठ्या अक्षरांत एक शब्द, बारीक अक्षरांत भलताच उच्चार. एका गाजलेल्या चित्रकथेत ‘बलाढ्य शत्रू’ असे लिहून शेजारी उच्चार दिला आहे ‘मित्र’. किनोको नासूच्या ‘फेट/स्टे नाइट’मध्ये ‘वचन दिलेल्या विजयाची तलवार’ असे लिहून वाचायचे ‘एक्सकॅलिबर’. डोळा एक वाचतो, कान दुसरे ऐकतो. इंग्रजीत यातले काहीच उरत नाही. जेर-जबर न लावता लिहिलेला शब्द संदर्भाने वाचायची सवय असलेल्या माणसाला मात्र ही गंमत चटकन कळते.

असो. मूळ मुद्दा दादीच्या त्या वाक्याचा आहे.

या प्रकाराविषयी बोलताना सगळे ‘निवडीचे स्वातंत्र्य’ सांगतात. वाचकच कथा घडवतो वगैरे. मला ते तितकेसे पटत नाही. निवडी आधीच लिहून ठेवलेल्या असतात, वाचक फक्त दार ढकलतो. खरी गोष्ट घडते ती परत फिरल्यावर. ‘कामाइताची’मध्ये पहिल्या खेपेला सगळे मेले. मी मागे आले. आता खुनी कोण ते मला माहीत आहे, नायकाला नाही. त्याच्याशेजारी मी एकटीच ती आठवण घेऊन बसले आहे. या आठवणीचे काय करायचे, ती कोणाच्या पदरात घालायची, हा या लेखकांपुढचा खरा प्रश्न आहे आणि त्याच्या उत्तरावरून लेखक ओळखू येतो असे माझे मत झाले आहे.

‘फेट/स्टे नाइट’ (२००४) घ्या. तीन वाटा आहेत आणि त्यांचा क्रम ठरलेला आहे. शिरो नावाच्या मुलाला सगळ्यांना वाचवायचे आहे. पहिल्या वाटेत हे स्वप्न तो जपतो. दुसरीत त्याच स्वप्नाने होरपळलेला त्याचा भविष्यातला अवतार समोर उभा राहतो. तिसरीत एका मुलीसाठी तो ते स्वप्न सोडतो. ती मुलगी साकुरा. पहिल्या दोन वाटांत ती जवळजवळ स्वयंपाकघरातच आहे. येते, डाळभात म्हणावा तसे काहीतरी रांधते, हसते, जाते. तिसऱ्या वाटेत कळते की या सगळ्या काळात तिच्या घरी तिच्यावर अत्याचार चालू होते. मग आपण दोनदा तिच्या हातचे जेवून पुढे गेलो, हे आठवून मान खाली जाते. नासूने हे जाणून-बुजून रचले आहे आणि ही रचना थोर आहे. तिच्या यातनांचे वर्णन मात्र तो जितके लांबवतो तितके लांबवायची गरज नव्हती. २००७ मध्ये घरगुती खेळयंत्रासाठी निघालेल्या आवृत्तीत कामुक प्रसंग काढून टाकले. २०२४ मध्ये अधिकृत इंग्रजी आवृत्ती आली तीही तशीच. कथेचे काही बिघडले नाही. म्हणजे ते प्रसंग कथेला नव्हे, बाजाराला हवे होते.

पण साकुराला दुर्लक्षिल्याची शरम फक्त वाचकाला वाटते. शिरोला पहिल्या दोन वाटा आठवत नाहीत. तो सुटतो.

‘हिगुराशी नो नाकू कोरो नी’मध्ये तो सुटत नाही. र्‍यूकिशी झिरो सेव्हन या नावाने लिहिणारा हा लेखक पूर्वी सरकारी नोकरीत होता. २००२ ते २००६ या काळात आठ भागांत त्याने ही कथा काढली आणि हौशी लेखक-चित्रकारांच्या ‘कॉमिकेट’ बाजारात विकली. चित्रेही स्वतःच काढली. पात्रांचे हात पाहून माझ्या सातवीतल्या मुलीही हसतील. गिफू प्रांतातल्या शिराकावा-गो या गावावरून बेतलेले हिनामिझावा हे खेडे, साल १९८३, जून महिना. गावकऱ्यांनी लढून धरण रद्द करवलेले. त्यानंतर दरवर्षी जत्रेच्या रात्री एक मरण. शाळा एकाच खोलीची, लहानमोठी मुले एकत्र बसतात. बहुवर्ग शाळेचे इतके मायेने केलेले वर्णन मी दुसरीकडे वाचलेले नाही.

विशेष म्हणजे येथे निवड अजिबात नाही. बटण दाबायचे आणि वाचायचे. तरीही फाटे आहेत, कारण प्रत्येक भागात तोच जून पुन्हा सुरू होतो. पहिल्या भागात शहरातून आलेला केईची हा मुलगा मैत्रिणींवर संशय घेतो. मैत्रिणींनी आणलेल्या खाऊत सुई होती, त्या आपल्याला मारणार, असे त्याला वाटते आणि तो बॅटने दोघींना मारून टाकतो. आपणही त्याच्या डोळ्यांनीच वाचत असतो. संशय आपल्यालाही खरा वाटतो. नंतर लक्षात येते की तो भ्रम होता. सहाव्या भागात तो संशय रेना या मैत्रिणीला ग्रासतो. आणि तेथे केईचीला अचानक आठवते. जे या जगात घडलेच नाही, ते आपल्या हातून घडले होते, हे त्याला आठवते. तो रडतो, माफी मागतो. ज्या मैत्रिणी समोर जिवंत उभ्या आहेत, त्यांच्या खुनाची माफी.

मी हे रात्री दीड वाजता वाचले आणि मला ती लाल रेघ आठवली.

तौबा म्हणजे केलेल्या चुकीची कबुली, एवढेच आपण मुलांना शिकवतो. येथे लेखकाने तिला एक पायरी पुढे नेले. जी चूक फक्त वाचकाच्या आठवणीत शिल्लक होती, ती त्याने पात्राच्या खांद्यावर ठेवली. छापील कादंबरीत हे जमले असते, पण इतके लागले नसते. कारण पहिल्या भागात बटण दाबणारे बोट माझे होते. त्यानंतर केईची रेनाला वाचवायला धावतो तो शूर म्हणून नव्हे, आपणही एकदा तिच्यासारखे झालो होतो हे कळल्यामुळे. पुढच्या भागात सातोको या लहान मुलीला छळ करणाऱ्या काकाच्या तावडीतून सोडवण्यासाठी मुले बालकल्याण कार्यालयात पुन्हा पुन्हा खेपा घालतात, दर खेपेला माणसे वाढवत नेतात. तलवार नाही, जादू नाही, अर्ज आणि रांग. हे लिहायला कचेरीत बसलेलाच माणूस हवा होता.

हिरोकी आझुमा या समीक्षकाने २००७ च्या पुस्तकात या प्रकाराला ‘खेळासारखा वास्तववाद’ म्हटले आहे. त्यात ‘हिगुराशी’ही आहे आणि हिरोशी साकुराझाकाची २००४ ची लाइट नॉव्हेल ‘ऑल यू नीड इज किल’ही. तीत एक सैनिक रणांगणावर मरतो, आदल्या दिवशी जागा होतो, पुन्हा मरतो. दर खेपेचा आकडा तो हाताच्या पाठीवर लिहितो. दीडशेच्या वर जातो. आझुमा या दोघांना एका ओळीत बसवतो. मला त्यांच्यात फरक दिसतो. सैनिकाची आठवण हे कसब आहे, सराव आहे. तो एकटेपणाने दुःखी होतो, पण त्याला कोणाची माफी मागायची नसते.

तापेइ नागात्सुकीची ‘री:झीरो’ २०१२ मध्ये एका संकेतस्थळावर सुरू झाली आणि २०१४ पासून पुस्तकरूपाने निघू लागली. दुसऱ्या जगात जाऊन पडलेल्या तरुणांच्या कथांची तेव्हा लाट होती. त्यातल्या बहुतेक कथांत मागची आठवण म्हणजे नायकाचे भांडवल. ‘री:झीरो’चा सुबारूही मरून परत येतो, आठवते फक्त त्याला, आणि ते कोणाला सांगायचीही बंदी. एका प्रसंगी तो एमिलियावर ओरडतो की, मी तुझ्यासाठी इतके केले, तू माझी ऋणी आहेस. तिला त्यातले काही म्हणजे काही माहीत नाही. तिच्या दृष्टीने तर ते घडलेलेच नाही. माझ्या वाचनात या लाटेतला हा सर्वांत प्रामाणिक प्रसंग आहे. ज्याला एकट्याला आठवते तो किती सहज सावकार होतो, हे लेखकाने आपल्याच नायकाला उघडे पाडून दाखवले. मुलगी म्हणजे वाटेच्या शेवटचे बक्षीस, या जुन्या रचनेलाही त्या भांडणात तडा जातो. पुढच्या खंडांत नागात्सुकी फार लांबण लावतो, ती गोष्ट वेगळी.

गेल्या जूनमध्ये तो मुलगा दाखला न्यायला शाळेत आला होता. आता अकरावीत आहे, कॉमर्सला. मी त्याला ती वही मागितली, म्हटले, पुन्हा वाचायची आहे. वही घरी आहे म्हणाला. दुसऱ्या दिवशी आणूनही दिली. गोष्ट त्याने त्याच वर्षी नव्याने उतरवून काढली होती, अक्षरही सुधारले होते. चौदाव्या पानावर दादी तांदूळ निवडत बसलेली होती आणि नातवाला विचारत होती, ‘कब आया, बेटा?’