अजिंठ्याच्या नकला व मुंबईच्या कलाशाळेंतील ड्रॉइंगचें शिक्षण

अजिंठ्याच्या चित्रांचा आधार घेऊन प्राचीन वेषभूषा, अलंकार, शस्त्रें व वाद्यें यांविषयीं लिहिणारांची आपल्याकडे उणीव नाहीं. परंतु त्यांपैकीं पुष्कळांचा आधार भिंतीवरील मूळ चित्र नसून जॉन ग्रिफिथ्स यांच्या ग्रंथांतील पट असतो. आणि तो पट म्हणजे मुंबईच्या सर जमशेटजी जिजीभाई कलाशाळेंतील विद्यार्थ्यांच्या हातची नक्कल, हें सहसा ध्यानांत घेतलें जात नाहीं. पोथीचा पाठ ठरवितांना लेखक कोण, त्याचें वळण कोणतें, पोथीची भाषा त्यास अवगत होती कीं नाहीं, याची आपण कसून चौकशी करतों. चित्राच्या नकलेस ही कसोटी कोणी लावीत नाहीं. ती लावून पाहण्याचा येथें हेतु आहे.

या चौकशीची निकड कां आहे, तें तीन आगींच्या हकिकतीवरून कळून येईल. मेजर रॉबर्ट गिल यांनीं इ. स. १८४४ पासून जवळजवळ वीस वर्षें लेण्यांत राहून केलेल्या तैलरंगांतील नकलांपैकीं बहुतेक सर्व इ. स. १८६६ मध्यें लंडनजवळील क्रिस्टल पॅलेसच्या आगींत जळाल्या. ती हानि भरून काढावी म्हणून ग्रिफिथ्स इ. स. १८७२ त विद्यार्थ्यांस घेऊन अजिंठ्यास गेले. मध्यंतरीं खंड पडून हें काम इ. स. १८८५ पर्यंत चाललें, आणि सुमारें ३०० नकला सिद्ध झाल्या. त्यांतील ८० हून अधिक त्याच वर्षीं साउथ केन्सिंग्टन येथील आगींत गेल्या. पुढें जपानी चित्रकार आराई कांपो याच्या चमूनें केलेल्या नकला इ. स. १९२३ च्या तोकियो भूकंपानंतरच्या आगींत नष्ट झाल्या. अजिंठ्याच्या नकलांच्या कपाळीं अग्नि लिहिलेलाच दिसतो! इकडे मूळ चित्रेंही पोपडे सुटून व काळवंडून क्षीण झालीं. म्हणून ज्या भागाचें मूळ गेलें आहे, तेथें ग्रिफिथ्स यांचा पट हाच बहुधा जुना साक्षीदार उरतो. आणि साक्षीदार एकटा असला म्हणजे त्याचें चारित्र्य अधिकच तपासावें लागतें.

आतां नकलकारांचें शिक्षण पाहूं. जमशेटजींनीं इ. स. १८५३ मध्यें एक लक्ष रुपये देऊं केले आणि इ. स. १८५७ त कलाशाळेचे वर्ग भरूं लागले. इ. स. १८६५ मध्यें ग्रिफिथ्स व लॉकवुड किपलिंग हे दोघे विलायतेहून शिक्षक म्हणून आले, आणि त्यांच्याबरोबर साउथ केन्सिंग्टनची अध्यापनपद्धति येथें दृढ झाली. ही पद्धति म्हणजे २३ पायऱ्यांचा एक जिनाच होता. प्रथम छापील नमुन्यावरून, मुख्यतः वेलबुट्टीच्या, निव्वळ बाह्यरेषा काढावयाच्या. जोडीस भूमिति व यथादर्शन. हात बसल्यावर प्लास्टरच्या पांढऱ्या ठशांवरून छायाप्रकाश. ठसा एका बाजूच्या उजेडांत ठेवावयाचा आणि कागदावर त्याची गोलाई उठेपर्यंत आठवडेच्या आठवडे काळ्या खडूनें घोटीत बसावयाचें. जिवंत माणसापर्यंत पोंचणें वरच्या पायरीचें काम. या शिस्तीनें नजर मोजकी व हात स्थिर होतो, हें आम्ही मान्य करतों. पण तीच शिस्त विद्यार्थ्याच्या मनांत दोन गोष्टी कायमच्या ठसविते. रेषा ही आकाराची केवळ हद्द होय, ही एक. आणि आकारास उठाव देणें हें छायेचें काम, व ती छाया एकाच दिशेच्या उजेडानें पडते, ही दुसरी.

अजिंठ्याच्या चित्रकारास यांतील एकही गोष्ट मान्य नव्हती. त्याची रेषा हद्द दाखवून थांबत नाहीं. कोठें जाड, कोठें बारीक होत ती स्वतःच खांद्याची गोलाई व बोटांची लवचीकता सांगून जाते. आधीं गेरूनें आंखणी, मग रंग, मग पुनः शेवटची रेषा, असा तेथील क्रम आहे. छाया आहे, पण ती दिव्याच्या वा सूर्याच्या उजेडाची नव्हे. आकाराच्या कडेकडेनें रंग गडद करीत आणलेली ती वर्तना होय. विष्णुधर्मोत्तराच्या चित्रसूत्रांत वर्तनेचे पत्रज, ऐरिक व बिंदुज असे तीन प्रकार दिले आहेत. ठशावरून शिकलेल्या विद्यार्थ्यास ही लिपि परकी होती. त्यांत माध्यमही बदललें. मूळ काम मातीच्या गिलाव्यावर, कोरड्या भूमीवर केलेलें, म्हणून निस्तेज व सपाट पोताचें. नक्कल कॅनव्हासवर तैलरंगांत, म्हणजे चकाकीची व खोल काळोखाची. मोडी कागदाची बालबोध नक्कल करणारा कारकून ज्याप्रमाणें नकळत ऱ्हस्वदीर्घ आपल्या शाळेचे घालतो, तसाच हा प्रकार आहे. लबाडी कोठेंच नाहीं. वळण मात्र निराळें.

या दृष्टीनें ग्रंथाचे पट चाळले असतां (तो इ. स. १८९६-९७ मध्यें दोन खंडांत निघाला) एक फरक ठळक दिसतो. छतांवरील चौकटींच्या नकला, म्हणजे कमळें, हंस, हत्ती, फळें, वेली, या फार सरस उतरल्या आहेत. याचें कारण उघड आहे. वेलबुट्टीची मोकळ्या हाताची रेषा हीच कलाशाळेची पहिली पायरी, व तीच या मुलांच्या अंगीं सर्वांत अधिक मुरलेली. अलंकरणाच्या अभ्यासकानें या पटांवर भिस्त ठेवण्यास आमची हरकत नाहीं. उलट मोठ्या मनुष्याकृतींत चेहऱ्यांस मांसल गोलाई येते, पापणीची व ओठाची रेषा छायेंत विरते, आणि मूळचा भाव किंचित् नाटकी होतो.

सोळाव्या लेण्यांतील ‘मरणोन्मुख राजकन्या’ हें याचें बोलकें उदाहरण. ग्रिफिथ्स यांनीं भावदर्शनांत हें चित्र फ्लॉरेन्स व व्हेनिसच्या चित्रकारांच्या वरचढ मानलें. स्तुति मनःपूर्वक आहे. पण माप कोठलें, तेंही तिच्यांतूनच कळतें. वास्तविक हा प्रसंग नंदाच्या प्रव्रज्येचा. टाकलेला मुकुट घेऊन सेवक आला आहे आणि ती वार्ता कळतांच नंदाची पत्नी मूर्च्छित होत आहे. कथा भिंतीवर सलग वाहते. नक्कल मात्र कॅनव्हासच्या मापानें तुकडे पाडते, आणि एक तुकडा सुटा पाहिला कीं त्यास सुटें नांव सुचतें. पोथीचें एकच पान हातीं आलें म्हणजे आपणही असेंच फसतों.

ग्रिफिथ्स यांच्यावर आणखी एक आरोप आहे, आणि तो अधिक गंभीर. चित्रें स्पष्ट दिसावीं म्हणून त्यांच्या वेळीं भिंतींवर रोगण चढविलें गेलें. तें पुढें पिवळें पडून मूळ चित्रांस बाधलें. फिकी शाई वाचण्यासाठीं कागदावर औषधी पाणी फिरविणारे संशोधक आमच्या परिचयाचे आहेत; त्यांनीं हें उदाहरण डोळ्यांपुढें ठेवावें. मात्र एवढ्यावरून मनुष्य नालायक ठरविणें अन्यायाचें होईल. सरकारी चित्रशिक्षणांत हिंदी विद्यार्थ्यानें हिंदी भिंतीसमोर बसून ड्रॉइंग शिकावें, हा विचार त्या काळीं करणारे फार थोडे होते, व त्यासाठीं अंधाऱ्या लेण्यांत हंगामामागून हंगाम काढणारे त्याहून थोडे.

तुलनेस दुसरी प्रत सुदैवानें आहे. लेडी हेरिंगहॅम यांच्या चमूनें, ज्यांत नंदलाल बसू, असितकुमार हालदार प्रभृति अवनींद्रनाथांचे शिष्य होते, इ. स. १९०९ ते १९११ या दोन हिवाळ्यांत नकला केल्या, त्या इ. स. १९१५ मध्यें लंडनास छापून निघाल्या. रेषेच्या बाबतींत त्या मुंबईच्या नकलांहून पुढें आहेत, परंतु बंगाली वळणाचा एक हळवेपणा त्यांत शिरला आहे, तोही पाठभेदच. तिसरा साक्षीदार गुलाम यझदानी यांच्या ग्रंथांतील छायाचित्रें, इ. स. १९३० पासूनचीं, आणि चौथा बर्जेस यांचें इ. स. १८७९ चें लेखी वर्णन, जें चित्रें अधिक शाबूत असतांनाचें आहे. मुंबईच्या पटावरून एखादा दागिना वा पागोट्याचा पेंच प्रमाण म्हणून मांडण्यापूर्वीं तो या तिघांशीं ताडून पाहावा. मूळ नाहींसें झालें असेल व इतर तिघेही मुके असतील, तर आकार घ्यावा, छाया घेऊं नये, आणि चेहऱ्याच्या भावावर तर कांहींच उभारूं नये.

एक अडचण राहते. नकलकार अनेक होते आणि सर्वांचा हात सारखा असणें शक्य नाहीं. त्यांपैकीं पेस्तनजी बमनजी यांचा हात ओळखण्यास साधन आहे, कारण पुढें त्यांनीं पारशी घरांतील प्रसंगांचीं व व्यक्तींचीं स्वतंत्र तैलचित्रें काढलीं. इतरांचें तसें नाहीं. त्यांच्या वर्गांतील ड्रॉइंगचे कागद, ठशांवरून घोटलेले अभ्यास, कच्चे आराखडे हीच त्यांची ओळख. जुन्या घरांच्या माळ्यावर असे गुंडाळे निघाले म्हणजे सनदा व पत्रें उचलून ते रद्दींत टाकण्याची आपल्या संग्राहकांची चाल आहे. ज्या वाचकांपाशीं इ. स. १८६५ ते १८८५ च्या दरम्यानचे कलाशाळेचे असे कागद, विशेषतः सहीचे, असतील त्यांनीं ते तसेच जपून ठेवावे, मागील बाजूच्या नोंदी पुसूं नयेत, व मंडळास कळवावें. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयांत ज्या नकला शिल्लक आहेत त्यांच्याशीं ते ताडून, कोणता कॅनव्हास कोणाच्या हातचा, हें ठरविण्याचें काम मग हातीं घेतां येईल.